स्पितीचा रस्ता आणि डिझेलचा हिशेब

मोठ्या इंजिनाची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी घेतली की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: अशी गाडी घेणाऱ्याने अ‍ॅव्हरेज विचारायचं नसतं. मला हे कधीच पटलेलं नाही. हिमाचलात स्पितीला जाताना किनौरमधलं पोवारी सोडलं की भरवशाचा पुढचा पंप थेट काझाला. काझा सोडलं की कुंझुमची खिंड ओलांडून पलीकडे उतरेपर्यंत काही नाही. तिथे लिटरला किती जाते हा फक्त पैशांचा प्रश्न राहत नाही. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर आल्या वाटेने परत फिरता येईल का, थंडीत एक रात्र जास्त काढता येईल का, हे टाकीतल्या डिझेलवर ठरतं. आणि जिथल्या स्वच्छ हवेसाठी आपण एवढ्या लांब जातो, तिथे गरजेपेक्षा जास्त धूर सोडून यायचं हेही मला बरं वाटत नाही.

गाडी २०१८ची फोर्ड एन्डेव्हर, ३.२ लिटरची. पाच सिलिंडर, ३,१९८ सीसी, २०० पीएस, ४७० न्यूटन मीटर, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, ८० लिटरची टाकी. रिकामी गाडीच २,४०० किलोच्या आसपास भरते. आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको मीनल आणि मेव्हणा निखिल. सामान, हवा भरायचा कॉम्प्रेसर, टो करायचा पट्टा, पाणी हे सगळं धरलं की पावणेतीन टन. गणपती झाले, पाऊस ओसरला आणि आम्ही पुण्याहून स्पितीला निघालो.

निघण्याआधी

सगळ्यात आधी छतावरचा कॅरियर उतरवला. मित्रांना हे विचित्र वाटलं, कारण स्पितीला जाताना लोक कॅरियर बसवून घेतात. पण रिकामा कॅरियरसुद्धा हवा अडवतो, आणि भरलेला असला तर गाडीच्या डोक्यावर भिंत उभी केल्यासारखं होतं. तीन माणसांचं सामान मागच्या सीटा पाडून आरामात आत बसतं. लोखंडी बंपर आणि बाजूचे पाइप मी मुळात कधी लावलेच नाहीत.

टायरचं माप कंपनीचंच ठेवलंय, २६५/६० आर १८. बरेच जण उंचीसाठी २६५/६५ टाकतात. त्याने टायरचा व्यास साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि मीटर तेवढं कमी अंतर दाखवायला लागतं. मग 'टायर बदलल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं' अशी तक्रार येते. त्यातलं थोडं खरं असतं, कारण जाड नक्षीचा जड टायर फिरवायला जोर लागतोच, पण थोडं नुसतं मीटरचं असतं. अ‍ॅव्हरेज बघायचं असेल तर आधी रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून घ्यावं.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते करायला पैसे लागत नाहीत. वीस-पंचवीस किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर, शक्य तितका कमी ब्रेक लावत गाडी चालवायची, हळूहळू थांबवायची, खाली उतरायचं आणि चारही चाकांजवळ हात न्यायचा. रिमला लगेच हात लावायचा नाही, दोन बोटं लांब धरायचा. चारही सारखी कोमट असली तर ठीक. आमचं मागचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं. मेकॅनिकने चाक काढलं तर ब्रेकच्या कॅलिपरची पिन सुकून अडकली होती, त्यामुळे पॅड डिस्कला कायम घासत होतं. पिन काढून साफ केली, ग्रीस लावलं, चाक हाताने फिरवून दाखवलं. आधी अर्ध्या फेऱ्यात थांबत होतं, आता सैल फिरलं. एवढ्या ताकदीच्या इंजिनाला एक चाक घासतंय हे जाणवतसुद्धा नाही. ते मुकाट्याने जास्त डिझेल जाळतं आणि ओढत राहतं. छोट्या गाडीत असा दोष पायाला लगेच कळतो. मोठ्या इंजिनात तो शोधावा लागतो.

एअर फिल्टर नवा, अलाइनमेंट तपासलेलं, हवा दाराच्या पट्टीवर लिहिलेली. डिझेलच्या पाइपला लावायची चुंबकं वगैरे दुकानात कोणी दाखवलीच तर मी सरळ नाही म्हणतो. त्यात काही तथ्य नाही.

पहिला दिवस: पुणे ते इंदूर

पहाटे निघालो. टाकी आदल्या रात्रीच नोझल आपोआप कट होईपर्यंत भरली आणि तिथेच थांबवली. 'अजून पन्नासचं बसेल साहेब' याला नाही म्हणायचं. प्रत्येक वेळी पहिल्याच कटला थांबलं तरच एका भरण्याची दुसऱ्याशी तुलना करता येते. किती लिटर बसलं, मीटर किती झालं, हे मीनल डायरीत लिहिणार होती. डॅशबोर्डवरचा आकडा नेहमीच जरा खुशीत असतो, त्यामुळे खरा हिशेब फुल टू फुलचाच.

शिर्डी, मनमाड, मालेगाव, धुळे. धुळ्यापासून आग्रा रोड. वेग ८० ते ८५, सहावा गिअर, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा १,७५०च्या खालीच. या इंजिनाचा पूर्ण जोर १,७५० ते २,५०० फेऱ्यांमध्ये मिळतो, पण सपाट रस्त्यावर एवढ्यावरही ते कुंथत नाही. निखिलने विचारलंच, "भावजी, एवढं इंजिन असताना ऐंशीने कशाला?" मी म्हटलं, थांब, हरियाणात तुला आकड्यात दाखवतो.

बिजासणी घाट चढून सेंधव्याच्या अलीकडे एका ढाब्यावर जेवायला थांबलो. शेजारच्या बाजेवर धुळ्याकडचे एक ट्रकड्रायव्हर बसले होते, साठीला आलेले. गाडीवरून विषय निघाला. ते म्हणाले, "आमच्यात डिझेल वाचलं तर ते ड्रायव्हरचं. म्हणून आम्ही लांबचं बघतो. पुढं टोलनाक्याची रांग दिसली की मी अर्ध्या किलोमीटरवरनं पाय उचलतो. तुमच्या गाड्या रांगेपर्यंत पळत जातात आन् तिथं ब्रेक मारतात."

या प्रवासात मला जे सांगायचंय ते सगळं या एका बोलण्यात आलं. माझा हिशेब असा: पावणेतीन टन वजन शून्यापासून ताशी ८० पर्यंत न्यायला, इंजिनाची कार्यक्षमता ३५ टक्के धरली तर, पन्नासेक मिलिलिटर डिझेल लागतं. एका कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढं. ब्रेक दाबून गाडी थांबवली की तो ग्लास डिस्क आणि पॅड तापवण्यात ओतला गेला. शंभरवरून थांबवली तर दीड ग्लास. हलक्या हॅचबॅकला हाच धक्का तिसऱ्या हिश्शाने बसतो. म्हणजे गाडी जितकी जड, तितकी लांबवर नजर ठेवण्याची कमाई जास्त. इंजिन मोठं आहे म्हणून ते पितं, हे अर्धसत्य आहे. जड गाडीला वारंवार वेग द्यायचा आणि वारंवार तो मारायचा, याचंच जास्त डिझेल जातं.

दुपारनंतर टोल, गावं, गुरं, ट्रॅक्टर, सगळ्याला याच नजरेने सामोरा गेलो. इंदूरला पोचलो तेव्हा पाय थकलेले नव्हते, हे विशेष. टाकी भरली, डायरीत भागाकार केला: लिटरला साडेबाराच्या जवळ.

दुसरा दिवस: इंदूर ते जयपूर

उज्जैन, आगर, झालावाड, कोटा, बुंदी, टोंक. लांबचा, उन्हाचा दिवस. लिहिण्यासारखं एवढंच की एसी दिवसभर चालू होता आणि तो बंद करायचा विचारही केला नाही. ऐंशीच्या वर काचा उघड्या ठेवल्या तर आत शिरणारा वारा गाडीला मागे ओढतो, आणि एवढ्या इंजिनावर एसीचा भार तसा थोडाच. काचा उघडायच्या त्या हळू रस्त्यावर, पहाडात. मात्र ढाब्यावर 'आत गार राहू दे' म्हणून इंजिन चालू ठेवून जेवायला जाणारे बरेच दिसले. असं मोठं डिझेल इंजिन जागेवर एसीसह तासाला जवळपास लिटरभर घेतं. एक पैसुद्धा अंतर न कापता.

तिसरा दिवस: जयपूर ते चंदीगड

हरियाणातला १५२ डी हा महामार्ग नारनौलपासून कुरुक्षेत्राजवळच्या इस्माईलाबादपर्यंत २२७ किलोमीटरचा आहे. सपाट, सरळ, मध्ये गाव नाही, सिग्नल नाही, गुरं आडवी येत नाहीत. वेगाची चाचणी करायला याच्याइतका चांगला रस्ता आमच्या वाटेवर दुसरा नव्हता.

पहिला निम्मा रस्ता निखिलने क्रूझ कंट्रोल शंभरवर लावून चालवला, पुढचा निम्मा ८० वर. टायर दोन्ही वेळा तापलेले, एसी एकाच आकड्यावर, वारा जवळजवळ नव्हताच. इथे मात्र डॅशबोर्डचाच आकडा घेतला. तो खुशीत असला तरी दोन्ही वेळा सारखाच खुशीत असतो, त्यामुळे फरक कळायला चालतो. शंभरवर अकराच्या आसपास, ८० वर साडेतेराच्या आसपास.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे १०० केले की वेग पाव पटीने वाढला, पण समोरची हवा रेटायचा जोर ५६ टक्क्यांनी वाढला. आणि एन्डेव्हरचं नाक म्हणजे पावणेदोन मीटरहून जास्त रुंद आणि तेवढंच उंच. खालून मोकळी, चौकोनी, उंच उभी गाडी. सेडानला हा फरक पडतो, पण एवढा नाही. पूर्ण २२७ किलोमीटर शंभरने गेलो असतो तर ८० पेक्षा ३४ मिनिटं आधी पोचलो असतो आणि चारेक लिटर डिझेल जास्त जाळलं असतं. निखिल बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे एका चहाच्या ब्रेकसाठी चार लिटर?" त्यानंतर पुढचं अंतर त्याने आपणहून ८५ वर लावलं.

चौथा दिवस: चंदीगड ते नारकंडा

आता चढ सुरू. चंदीगड साडेतीनशे मीटरच्या आत, नारकंडा २,७०० च्या आसपास. वजन वर उचलायला लागणारी ऊर्जा कुठल्याही चालवण्याच्या पद्धतीने टाळता येत नाही. आपली पावणेतीन टनांची गाडी १,००० मीटर वर न्यायला, तोच ३५ टक्क्यांचा हिशेब धरला तर, दोन लिटरच्या थोडं वर डिझेल लागतं. रस्ता किती लांब, किती वळणांचा, याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे नारकंड्यापर्यंत निव्वळ उंचीचे पाच लिटर. हे एकदा मनाशी पक्कं केलं की चढावर डॅशबोर्डवरचा आकडा सातवर आला तरी जीव खाली-वर होत नाही. आपण फक्त वाया जाणारं वाचवायचं.

वाया जातं ते गिअरबॉक्समध्ये. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो कमी वेगाला, जोर लागत असताना, आतल्या तेलात घसरत राहतो आणि तेल तापवतो. गाडी डी मध्ये ठेवून घाट चढलो की ती तिसरा-चौथा, चौथा-तिसरा करत बसते. मॅन्युअल मोडमध्ये एकच गिअर धरून ठेवला, काटा दोन हजारच्या आसपास राहू दिला, तर गिअरबॉक्सही थंड राहतो आणि गाडीही एका लयीत चढते. क्रूझ कंट्रोल घाटात बंद. त्याला पुढचं वळण दिसत नाही. चढाच्या शेवटच्या टप्प्यावर तो जोर लावत राहतो आणि माथ्यावर पोचल्यावर आपल्याला ब्रेक लावावा लागतो.

सप्टेंबर म्हणजे सफरचंदांचा हंगाम. सिमल्याच्या पुढे पेट्यांनी भरलेले ट्रक समोरून आणि पुढून. वर जाणाऱ्या ट्रकच्या मागे चिकटून जायचं, तो थांबला की थांबायचं, तो निघाला की निघायचं, यात सगळा घाट जातो. आम्ही मागे भरपूर जागा सोडली. ट्रक वळणावर थबकला तरी आमची गाडी ताशी दहाने सरकत राहिली, पूर्ण थांबली नाही. त्या जागेत मागून कोणी घुसलं तर घुसू दिलं. सिमल्याच्या कोंडीत मात्र दोन वेळा इंजिनच बंद केलं.

पाचवा दिवस: नारकंडा ते कल्पा

सकाळी सकाळी उतार. नारकंड्याहून सतलजच्या काठापर्यंत सतराशेच्या आसपास मीटर खाली. या उतारावर एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण आपल्याकडे कसारा असो, वरंधा असो, घाट लागला की गाडी न्यूट्रलवर सोडणारे अजून पुष्कळ आहेत. समजूत अशी की डिझेल वाचतं.

वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की आजच्या डिझेल इंजिनाचे इंजेक्टर बंद होतात. चाकंच इंजिन फिरवत असतात, त्यामुळे डिझेल शून्य. न्यूट्रलमध्ये टाकलं की इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल घ्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलवर उतरणारा जास्त जाळतो, वर त्याचे ब्रेक तापतात, आणि ब्रेक तापले की एका वळणावर ते धरत नाहीत. ऑटोमॅटिकमध्ये तर चालत्या गाडीला न्यूट्रल करणं गिअरबॉक्सलाही वाईट. आम्ही दुसरा-तिसरा धरून उतरलो. डॅशबोर्डवरचा तत्काळ अ‍ॅव्हरेजचा आकडा शेवटच्या टोकाला जाऊन चिकटला होता. खाली पोचल्यावर चाकांजवळ हात नेऊन पाहिला, चारही नुसती कोमट. मीनलने डायरीत उतार असा एक वेगळा रकाना केला आणि त्यात फक्त एक उभी रेघ ओढली.

रामपूर, झाकडी, वांगतू, टापरी. नाथपा झाकडीचा १,५०० मेगावॉटचा प्रकल्प, कडछम वांगतूचा हजार मेगावॉटच्या वरचा. याच सतलजचं उतरणारं पाणी बोगद्यांतून नेऊन वीज काढली जाते. रस्त्यावर धूळ पुष्कळ. पोवारीला टाकी फुल करून वर कल्प्याला गेलो. संध्याकाळी किन्नर कैलासवर ऊन होतं. त्यावर लिहायचं तर वेगळंच लिहावं लागेल.

सहावा दिवस: कल्पा ते ताबो

खाबला सतलज सोडली आणि स्पितीच्या काठाला लागलो. तिथून 'का लूप्स' नावाची वळणं चढून नाको, ३,६०० मीटरच्या वर. जोर कमी झाल्याचं पहिल्यांदा जाणवलं, पण टर्बो असल्यामुळे फार नाही. पाय दाबल्यावर टर्बो जागा व्हायला क्षणभर जास्त घेतो, इतकंच. अशा ठिकाणी पाय आणखी दाबायचा मोह होतो. तो टाळायचा, एक गिअर खाली घ्यायचा आणि वाट बघायची.

इथे टायरच्या हवेचा एक छान खेळ बघायला मिळाला. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. पुण्याहून एवढ्या उंचीवर आलं की बाहेरची हवा विरळ, त्यामुळे टायरमध्ये काहीही न भरता गेज चारेक पीएसआय जास्त दाखवायला हवा. पण पहाटेची थंडी पुण्यापेक्षा वीस अंशांनी कमी असली तर आतली हवा आकसून तीनेक पीएसआय कमी करते. दुसऱ्या दिवशी ताबोला पहाटे थंड टायरवर गेज लावला तर आकडा पुण्याच्या आकड्याला जवळजवळ चिकटून. दुपारी मोजला असता तर जास्त दिसला असता आणि कोणीतरी हवा काढून टाकली असती. हवा नेहमी सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजायची.

सातवा दिवस: ताबो ते काझा

ताबोचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, इसवी सन ९९६चा. मातीच्या भिंती, आत अंधारात रंगवलेली चित्रं, बाहेर कडक ऊन. तिथून धनकर, मग काझा. काझाचा पंप ३,७४० मीटरवरचा. पोवारीपासूनचा हिशेब लिटरला दहाच्या थोडा वर आला. एवढा चढ, एवढी खराब पट्टे असलेली वाट, तरी दहा. कारण वेग तीस-चाळीस, तिथे हवेचा विरोध नगण्य, आणि ब्रेक क्वचित.

आठवा दिवस: लांग्झा, हिक्किम, कोमिक

हवामानाची सवय व्हावी म्हणून काझातच मुक्काम. सकाळी बाहेर सगळ्या गाड्या सुरू करून ठेवलेल्या, पंधरा-पंधरा मिनिटं, इंजिन 'गरम' करायला. जागेवर चालणारं डिझेल इंजिन फार हळू तापतं. मिनिटभर थांबून, पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने चालवलं तर तेल आणि गिअरबॉक्स दोन्ही लवकर तापतात. हिक्किमच्या पोस्टातून आईला पत्र टाकलं. कोमिकला वारा इतका होता की गाडीचं दार दोन हातांनी धरून उघडावं लागलं. परत काझाला येऊन टाकी पुन्हा फुल.

नववा दिवस: काझा ते चंद्रताल

लोसरनंतर डांबराचा भरवसा संपतो. इथे मी चारही टायरची हवा २६ पीएसआयपर्यंत उतरवली. हवा कमी केली की अ‍ॅव्हरेज पडतं, हे डांबरावर खरं. सैल खडी, वाळू, गोट्यांच्या वाटेवर उलटं होतं. कडक टायर प्रत्येक दगडावर गाडी उचलतो आणि आपटतो, किंवा मऊ जागी रुततो. मऊ टायर दगड पोटात घेतो, पसरतो, पकड धरतो, आणि चाक जागच्या जागी फिरणं थांबतं. जागेवर फिरणारं चाक म्हणजे डिझेल जाळून दगड उडवणं. फक्त पुन्हा डांबर लागलं की हवा भरायला कॉम्प्रेसर सोबत हवा.

कुंझुम ४,५५१ मीटर. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तावन्न-अठ्ठावन्न टक्के. गाड्या कुंझुममातेच्या देवळाला प्रदक्षिणा घालून पुढे जातात. आम्हीही घातली, अगदी सावकाश. तिथून खाली, आणि मग चंद्रताल तलावाकडे फुटणारी अरुंद वाट. समोरून गाडी आली तर मागे सरकायची जागा आधीच हेरून ठेवायला लागते. इथेही कामाला येते ती लांबवरची नजरच, फक्त डिझेलऐवजी जिवासाठी.

दहावा दिवस: चंद्रताल ते मनाली

पहाटेच निघालो. बातल ते ग्राम्फू हा रस्ता म्हणजे नदीकाठचे गोटे आणि मध्ये मध्ये आडवे वाहणारे ओढे. दुपारी वरचं बर्फ वितळून ओढ्यांना पाणी चढतं, सकाळी ते कमी असतं. कमी पाणी म्हणजे कमी जोर, कमी धोका.

लो रेंज टाकली, म्हणजे कमी वेगाला जास्त जोर देणारे फोर बाय फोरचे खालचे गिअर. लो रेंजने जास्त डिझेल जातं असं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून ते हायमध्येच अडखळत, पाय दाबत, घसरत जातात. ताशी आठ-दहाच्या वेगाला हायमध्ये टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरत असतो. लोमध्ये तेच काम इंजिन सहज, जवळजवळ नुसत्या आयडलवर करतं. छत्रूच्या अलीकडच्या मोठ्या ओढ्यात निखिल आधी काठीने चालून खोली बघून आला. मग पहिला गिअर, पाय स्थिर, ना दाबायचा ना सोडायचा. बोनेटपुढे पाण्याची एक छोटी लाट तयार झाली आणि आम्ही तिच्या मागून बाहेर पडलो.

या पट्ट्यात किलोमीटर प्रतिलिटर बघूच नये. चार-पाच तास, साठेक किलोमीटर. इथे तासाला किती लिटर हा हिशेब खरा, आणि टाकीत किती तासांचं डिझेल आहे एवढंच महत्त्वाचं. बातलच्या ढाब्यावर राजमा-चावल खाताना चार गाड्या बाहेर रिकाम्या धडधडत होत्या. आमची बंद होती.

ग्राम्फूला डांबर लागलं, कॉम्प्रेसर काढला, हवा भरली. रोहतांगची खिंड चढायची तर पावणेआठशे मीटर वर आणि मग सगळं खाली. आम्ही कोकसरकडून अटल बोगद्याने गेलो. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा त्या चढाचं डिझेल, आमच्या गाडीपुरतं बोलायचं तर दीड-पावणेदोन लिटर, सरळ वाचवतो. रोज किती गाड्या जातात ते डोळ्यांसमोर आणलं की बांधणाऱ्यांना मनापासून नमस्कार करावासा वाटतो.

मनालीत टाकी भरली. काझापासून २७ लिटर, लिटरला आठच्या थोडं वर. शेजारच्या नोझलला आमच्यासारखीच एन्डेव्हर उभी होती, तेच इंजिन. छतावर कॅरियर, त्यावर तंबू, मागे दोन स्टेपन्या, पुढे लोखंडी बंपर. तेही चंद्रतालहूनच आले होते. त्यांचं सहाच्या खाली आलं होतं. आम्ही बराच वेळ बोललो. चाकांजवळ हात नेऊन बघायचं त्यांना तिथेच करून दाखवलं, आणि त्यांचं पुढचं उजवं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं.

परतीचा प्रवास जास्त करून निखिलच्या हाती. सध्याचे ऑल टेरेन टायर आता झिजत आलेत. याच मापाचे हायवे टायर टाकून, तेच वजन, तोच वेग ठेवून पुणे ते इंदूर पुन्हा जायचंय. फरक किती पडतो ते डायरीतल्या त्याच पानाशेजारी लिहू.